हसू नका

"हे कोण गं?" असं फाईलनं विचारलं, आणि अगदी सरळ मनानं विचारलं, हीच त्यातली गोम. खोचक विचारलं असतं तर बाईंनी तितकंच खोचक उत्तर देऊन विषय मिटवला असता. शाळेला सुट्टी लागून दोन दिवस झाले होते, ऑफिस रिकामं होतं, आणि फाईल झेरॉक्स मशीनचं झाकण उचलून तिघींचे पासपोर्ट एकेक करून काचेवर पालथे घालत होती. फाईल म्हणजे शाळेची ग्रंथपाल. घरी आलेल्या लग्नपत्रिकासुद्धा तारखेप्रमाणे लावून ठेवते म्हणून स्टाफरूममध्ये तिला हे नाव पडलं होतं आणि तिनंही ते मुकाट्यानं घेतलं होतं. नऊ दिवसांनी तिघी मैत्रिणी परदेशी निघाल्या होत्या, समुद्रकाठच्या एका गावी, आठ दिवस, नवरे-मुलं-सुना कुणी कुणी नाही. आणि विमानतळावरच्या तपासणीचं फाईलनं असं काही मनावर घेतलं होतं की विचारू नका. ट्रेमध्ये पडलेला गरम कागद तिनं उचलला, लांब धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं. बाईंनी वाकून बघितलं. कागदावरच्या बाईचा उजवा अर्धा चेहरा कुणाचाही असतो तसा होता. डावा अर्धा घसरला होता. भुवई खाली, ओठाचा कोपरा त्याहून खाली, गाल सपाट, आणि डावा डोळा मात्र टक्क उघडा, जसा काही आत दुसरंच कुणी बसून बाहेर बघतंय. खाली नाव बाईंचं, जन्मतारीख बाईंची. "मीच की," बाई म्हणाल्या. फाईलनं जीभ चावली. "अगं आई गं! मी तिथं होते आणि माझ्याच लक्षातून गेलं बघ." तेवढ्यात साचेवालीनं तो कागद तिच्या हातातून ओढून घेतला. साचेवाली म्हणजे तिसरी मैत्रीण, शाळेतल्या मुलांच्या कानांचे साचे घेणारी, श्रवणयंत्र कानात नीट बसावं म्हणून. तिच्या तोंडाला फाटकच नाही. कागद बघून, बाईंकडे बघून, पुन्हा कागद बघून ती म्हणाली, "मग तिथं काय सांगायचं? ही माझी थोरली बहीण, बरं नव्हतं म्हणून मी आले?" तिघी हसल्या. हसता हसता बाईंनी तो कागद आपल्याकडं ओढून घेतला.

तीन वर्षांपूर्वी सकाळी दात घासून त्यांनी चूळ भरली आणि ब्लाउज ओला झाला. तांब्या गळतोय असं त्यांना वाटलं. त्यांनी तांब्या उलटा करून बघितला, बोट फिरवून बघितलं, आणि मग आरशात बघितलं. आरशात बघणं हा तर त्यांचा धंदाच. न ऐकणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायचं म्हणजे आरशासमोर गालाला गाल लावून बसायचं. मूल बाईंच्या ओठांकडे बघणार, मग स्वतःच्या, मग पुन्हा बाईंच्या. ऐकू येत नाही त्याला आवाजाचं काय सांगणार? ओठच दाखवायचे. प शिकवायचा तर ओठांपुढं कागदाची पट्टी धरायची; ओठ मिटून सोडले की पट्टी थरारते, ती थरारली की पोरं टाळ्या पिटतात. चोवीस वर्षं त्यांनी पट्ट्या थरारवल्या होत्या. आणि त्या दिवसापासून ओठ मिटेचना. उजवीकडून मिटायचे, डावीकडून वारा निसटायचा. प गेला, ब गेला, म गेला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, बहुतेकांचं परत येतं. बहुतेकांचं, या शब्दावर बाई कितीतरी दिवस बसून राहिल्या. डोळा मिटत नव्हता म्हणून झोपताना पापणीवर चिकटपट्टी लावावी लागे. ती नवरा लावायचा, जीभ ओठावर दाबून, टपाल तिकीट लावल्यासारखी. जेवायला तो आधी समोर बसायचा, त्या दिवसांत त्यानं खुर्ची मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला आणली. इतर सगळे उजवीकडं उभे राहून बोलायचे, चांगल्या बाजूशी. हा एकटा पडक्या बाजूला बसून वरण वाढायचा आणि हनुवटीवरून ओघळलं की आपल्याच रुमालानं पुसायचा, बोलणं न थांबवता. त्याबद्दल बाईंनी त्याला कधी काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, असं आता झेरॉक्सच्या कागदाकडं बघताना त्यांना वाटलं.

पण खरा हिसका बसला तो वर्गात. आठवडाभरानं त्या शाळेत गेल्या. घरी बसून वेड लागायची पाळी आली होती आणि मोठ्या बाईंनीही सांगितलं, बसा नुसत्या, पोरांना बरं वाटेल. सहा मुलांचा वर्ग. बाई बोलल्या आणि सहाही चेहरे कोरे झाले. त्यांना बाईंचं काही वाचताच येईना. चोवीस वर्षांत कुठल्या वर्गानं त्यांच्याकडं असं बघितलं नव्हतं. आपलीच भाषा घरातून कुणी उचलून नेल्यासारखं वाटलं त्यांना. मग सगळ्यात लहान होती ती, सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, जिला सगळे भिंगरी म्हणायचे, ती उठली, बाईंच्या जवळ आली आणि तिनं आपला तळहात त्यांच्या डाव्या गालावर ठेवून गाल वर उचलला. ओठाचा कोपरा दुसऱ्या हाताच्या बोटानं जागेवर नेऊन दाबून धरला. आणि मान हलवून खुणावलं, आता बोला. बाई बोलल्या. "पाणी." पट्टी नव्हती, पण भिंगरीच्या अंगठ्यावर वारा लागला असणार, कारण ती हसली आणि वळून बाकीच्या पाचांना म्हणाली, तिच्या त्या घोगऱ्या, वर-खाली होणाऱ्या आवाजात, "पाणी!" त्यानंतर रोज दहा मिनिटं असंच चालायचं. तिचा हात पेन्सिलीचा, खोडरबराचा, डब्यातल्या साखरेचा वास मारायचा. बाईंनी आयुष्यात कितीतरी वास विसरून टाकले, तो काही गेला नाही.

बाकी घराबाहेर त्यांनी जाणंच सोडलं होतं. वर्ग झाला की तोंडाला पदर लावून रिक्षा, रिक्षेतून घर. चौथ्या आठवड्यात या दोघी दार वाजवत आल्या. साचेवाली आत न येता उंबऱ्यातूनच म्हणाली, "ऊठ, साडी बदल, पासपोर्ट काढायला जायचंय." कसला पासपोर्ट? "परदेशी जायचंय आपल्याला." कधी? "ते नंतर बघू, आधी पासपोर्ट." फाईलच्या हातात तिघींचे अर्ज भरून तयार होते, बाईंची सही तेवढी राहिली होती, म्हणजे बाकी सगळं तिनं आठवणीवर भरलं होतं, अगदी आईचं माहेरचं नावसुद्धा. बाई चिडल्या. या तोंडानं मी फोटो काढणार नाही, बरी झाले की बघू. तर साचेवाली म्हणाली, "आणि नाही झालीस तर घरातच मरणार का?" इतकं तोडून कुणी बोललं नव्हतं त्या महिनाभरात. सगळे कसे होणार होणार, देव करो, असं गुळमुळीत. बाईंना राग आला आणि त्या रागातच त्या उठल्या. पासपोर्ट ऑफिसात तीन तास रांग, लोक बघायचे आणि नजर काढून घ्यायचे, आणि दोघी त्यांच्या दोन बाजूंना अशा उभ्या होत्या की जणू कुणी काही बोललं तर दातच पाडतील. शेवटी कॅमेऱ्यासमोर बसवलं. कॅमेऱ्यामागचा कारकून वर न बघताच रोजचं म्हणाला, "सरळ बघा. हसू नका." मग मागून साचेवालीचा आवाज आला, "अहो, हसून दाखवलं तर तुम्हाला पेढे देऊ!" आणि फाईल, कधी मोठ्यानं न हसणारी फाईल, तोंडावर अर्जांचा गठ्ठा दाबून गदगदा हलायला लागली. बाईंना हसू फुटलं. महिन्याभरातलं पहिलं. ते सगळं उजवीकडं गेलं, डावीकडच्या वाट्याला काहीच आलं नाही, आणि कारकुनानं तेवढ्यात बटण दाबलं.

म्हणजे त्या फोटोत आपण हसत होतो. हे बाईंना आज, इतक्या वर्षांनी, झेरॉक्सच्या कागदावर कळलं. नीट बघितलं तर उजव्या गालाला ती रेघ आहे.

पुढं चेहरा परत आला. अमुक दिवशी आला असं सांगता येत नाही. आधी भुवई एकदा फडफडली, मग पापणी निम्मी मिटली, आणि आठव्या महिन्यात एका सकाळी चूळ भरली ती बेसिनमध्ये पडली, सगळीच्या सगळी. त्या दिवशी वर्गात पट्टी धरली आणि प म्हटलं. पट्टी थरारली. भिंगरीनं टाळ्या पिटल्या नाहीत. तिनं सवयीनं हात गालाकडं नेला, गाल आधीच जागेवर आहे हे तिला कळलं, आणि ती थोडी हिरमुसली. तिचं काम गेलं होतं. बाईंनी तिचा हात धरून तसाच गालावर ठेवून घेतला. सहल मात्र लांबत गेली. फाईलच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन, मग साचेवालीच्या लेकीचं बाळंतपण, मग शाळेची तपासणी, असं करत करत तीन वर्षं. पासपोर्ट कपाटात साड्यांखाली पडून राहिला. त्यात कुणाचा चेहरा आहे याचा विचार करायचं कारणच नव्हतं. आरसा रोज समोर होता आणि त्यात त्या पूर्वीसारख्याच होत्या.

नवा पासपोर्ट काढायला महिना लागतो आणि हातात नऊ दिवस. तेव्हा तयारी सुरू झाली. फाईल डॉक्टरांकडं जाऊन चिठ्ठी घेऊन आली, जुन्या आजाराची, सहीशिक्क्याची, आणि ती तिनं आपल्या फायलीत प्लॅस्टिकच्या कप्प्यात घातली. वर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं, 'चेहरा'. वर्गातल्या बुटक्या टेबलाशी, गुडघे छातीला लावून, साचेवाली अधिकारी म्हणून बसली. "कुठं चाललात? कशाला? कुणाबरोबर? परत येणार का?" आणि मग कागद नाचवत, "ही बाई कोण?" बाईंनी वाक्य तयार केलं होतं. "पासपोर्टवरचा फोटो माझ्या आजारपणातला आहे, मी आता पूर्ण बरी आहे." म्हणून बघितल्यावर लक्षात आलं की हे वाक्य ओठ मिटूनच बोलायचं वाक्य आहे, एकूण एक अवघड जागा यातच. बदलावं का? नाही बदललं. साचेवालीनं दोनदा ऐकलं आणि आपलं मत दिलं. "हे बघ, तोंडाचं काही खरं नसतं. तोंड सुजतं, वाळतं, वाकडं होतं, म्हातारं होतं. कान बदलत नाही. मी हजार कान घेतलेत साच्यात. डोळे बांधून कान हातात दे, पोर कोण ते सांगते. तू केस मागं बांध आणि कान दाखव." फाईल म्हणाली, विमानतळावर काय कान बघतात होय? "नसतील बघत तर गाढव आहेत," साचेवाली म्हणाली.

पण बाईंच्या मनात वेगळंच चाललं होतं. त्यांना वाटायला लागलं की सगळ्यात सोपं म्हणजे तोच चेहरा करून उभं राहावं. फोटोशी जुळतं तोंड दाखवलं की प्रश्नच मिटला. न्हाणीघरात दार लोटून त्या आरशासमोर उभ्या राहायच्या आणि डावी बाजू खाली सोडायचा प्रयत्न करायच्या. गाल सैल करायचा, भुवई उतरवायची, डोळा टक्क ठेवायचा. आणि करता करता अंगावर काटा यायचा. समजा गेली आणि परत आलीच नाही तर? घर सोडून गेलेल्या माणसाला आपणच कशाला पुन्हा दाराबाहेर उभं करायचं? आणि समजा नाही जमलं, त्या काउंटरवर म्हणाले ही तुम्ही नाही, तर या दोघी थांबतील. त्या जाणारच नाहीत, हे पक्कं होतं, आणि तीन वर्षं जपलेली त्यांची सहल या एका तोंडापायी बुडेल. एकदा नवरा दारात येऊन उभा राहिला. "काय चाललंय?" "जुनं तोंड करून बघतेय." "येतंय?" "नाही नीट." त्यानं दारामागचा टॉवेल ओढला. मग म्हणाला, "नको येऊ दे," आणि टॉवेल घेऊन गेला. बाईंनी त्याला हाक मारली. तो वळला. काय म्हणायचं होतं ते तोंडाशी आलं, आणि या खेपेला त्यांनी ते गिळलं नाही. "तू तेव्हा डावीकडं बसायचास," त्या म्हणाल्या. "बरं वाटायचं रे." तो टॉवेलची घडी घालत म्हणाला, "तिकडून पंख्याचा वारा यायचा." तिकडं पंखा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पासपोर्ट उघडून त्या बाईकडं बराच वेळ बघितलं. तिला चुकवायचा, लपवायचा, तिच्याबद्दल खुलासे द्यायचा इतका घाट घातला आपण, आणि खरं तर रांगेत तीन तास उभी राहिली ती हीच. आपल्याकडं शाबूत तोंड असून काउंटरच्या विचारानं आपण आरशासमोर ते वाकडं करून बघतोय. ही अर्ध्या तोंडानं सगळ्या लोकांत जाऊन बसली आणि वर हसली. ती उठली म्हणून आपण उद्या जातोय. बये, तुझे फार उपकार आहेत गं, असं बाई मनात म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. पाणी दोन्ही डोळ्यांतून सारखं आलं.

विमानतळावर त्या रांगेत तिसऱ्या होत्या. साचेवाली गेली, फाईल गेली, दोघींना मिनिटही लागलं नाही. काउंटरांच्या पलीकडं काचेची भिंत होती, तिच्याआड जाऊन दोघी उभ्या राहिल्या. आणि तेव्हा बाईंना दिसलं की तिघींच्या सगळ्या कागदांची फाईल फाईलच्या काखेत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी पलीकडं गेली होती. आयुष्यात एक कागद इकडचा तिकडं न करणाऱ्या त्या बाईनं नेमका हा करावा! फाईललाही त्याच क्षणी कळलं. तिचा चेहरा पांढरा पडला, आणि तिनं 'चेहरा' लिहिलेला कप्पा बाहेर काढून काचेला लावून धरला, पंधरा-वीस पावलांवरून कुणाला वाचता येईल अशा थाटात. रखवालदारानं तिला हातानं मागं सरकवलं.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती, गणवेशातली, डोळ्यांखाली जाग्रणाची वर्तुळं. तिनं पासपोर्ट उघडला, वर बघितलं, खाली बघितलं, पुन्हा वर. यंत्रात घातला. कसलासा लाल चौकोन उमटला, त्याचा उजेड तिच्या गालावर पडला. "मॅडम, हा फोटो?" बाईंनी वाक्य काढायला ओठ मिटले आणि ते मिटूनच राहिले. नऊ दिवस घोटलेलं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक. मागं रांगेत कुणीतरी सुस्कारा टाकला. तेव्हा बाईंनी ठरवलं, आता तेच. त्यांनी डावा गाल सोडला. भुवई उतरवली, ओठाचा कोपरा खाली ओढला. पण डावीकडचं काही खाली नेलं की उजवीकडचंही बरोबर जाई. उजवीकडं सावरायला गेलं की डावं आपण होऊन वर येई. दोन्ही बाजू एकमेकींना सोडायलाच तयार नव्हत्या. बाईंनी पुन्हा जोर केला. तो पडेना. काही केल्या तो चेहरा पडेना.

"मॅडम, बरं वाटतंय ना तुम्हाला?" मुलगी अर्धवट उठत म्हणाली.

"बरं वाटतंय," बाई म्हणाल्या. ब आला. मग त्याच्यामागोमाग सगळं आलं. "पासपोर्टवरचा फोटो माझ्या आजारपणातला आहे. मी आता पूर्ण बरी आहे. अर्धा चेहरा गेला होता माझा. परत आला."

मुलगी पुन्हा बसली. थोडा वेळ ती नुसती त्यांच्याकडं बघत राहिली, आणि ते बघणं कामाचं नव्हतं. "माझ्या आत्याला झालं होतं," ती हळू म्हणाली. "तिचं नाही आलं." 'बहुतेकांचं' या ज्या शब्दावर बाई तीन वर्षांपूर्वी बसून राहिल्या होत्या त्याच्या पलीकडच्या बाजूलाही माणसं होती, आत्या होत्या, त्यांच्या भाच्या होत्या; आपलं तोंड आपल्याला कुणी परत दिलं आणि का दिलं याला काही उत्तर नव्हतं. "कशा आहेत आत्या?" त्यांनी विचारलं. "मजेत आहे. फक्त फोटो काढू देत नाही," मुलगी म्हणाली, आणि एकदम ताठ झाली. "बोटं ठेवा इथं. चार. हं. आता केस जरा मागं घ्या." बाईंनी केस मागं घेतले. मुलीनं मान तिरपी करून त्यांचा डावा कान बघितला, पडद्यावरचा बघितला, मग उजवा. "कान तुमचाच आहे," ती म्हणाली आणि तिनं शिक्का उचलला. काचेपलीकडं साचेवालीला आवाज गेला नव्हता; पण ती आणि फाईल दोघीही आयुष्यभर त्याच शाळेत होत्या, आणि काउंटर आडवं असल्यानं मुलीचे ओठ त्यांना तिथून लख्ख दिसत होते. साचेवालीनं दोन्ही हातांनी आपले कान धरून फाईलसमोर असा काही विजयी नाच केला की रखवालदार पुन्हा त्यांच्याकडं निघाला.

"झालंच," मुलगी म्हणाली. तिनं टेबलावरचा छोटा कॅमेरा बाईंच्या तोंडासमोर वळवला, आणि पडद्याकडं बघत, दिवसातून कितीदा म्हणत असेल त्याच सुरात म्हणाली, "सरळ बघा. हसू नका."

काचेमागं दोघी थिजल्या. त्यांनी वाचलं होतं. मग फाईलनं ती फाईल तोंडावर दाबली आणि खांदे गदगदा हलायला लागले, साचेवाली काचेला टेकून खाली बसली, आणि इकडं बाईंना हसू फुटलं, ते आवरेना, डावीकडून आणि उजवीकडून, डोळ्यांच्या कोपऱ्यांपर्यंत.

"मॅडम, प्लीज," मुलगी म्हणाली. "हसू नका ना."

"तेच तर," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "तेच जमत नाहीये."

मुलीनं फोटो तीनदा घेतला. तिसराही हललाच. तिनं पडद्याकडं बघितलं, मागची रांग बघितली, आणि म्हणाली, "जाऊ दे, हाच ठेवते."